ट्रान्स मुली आणि शाळेच्या स्पर्धा: मुलींच्या रेसमध्ये कोण धावणार हे ठरवायचं कुणी?

शिट्टी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस डोक्यात आहे पण धागा काढला की दंगा होणार म्हणून टाळत होते. मी शाळेत पीटी शिकवते, अ‍ॅथलेटिक्सच्या मुलींचं ट्रेनिंग माझ्याकडे असतं. सध्या क्रीडा समितीत नियमावली नव्याने लिहायचं चाललंय आणि त्यात एक कलम असं हवंय की एखादी ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झालेली पण मुलगी म्हणून जगणारी, टीममध्ये यायचं म्हणाली तर कुठल्या गटात खेळणार. समितीत दोनच मतं आहेत. एक गट म्हणतो ती मुलगी म्हणतेय ना, मग मुलींत, विषय संपला. दुसरा म्हणतो जन्मदाखल्यावर असेल ते, विषय संपला. दोघांचाही विषय इतका पटकन संपतो आणि कागदावर लिहायचं काम मात्र माझ्या गळ्यात.

माझी अडचण अशी की मला दोन्हीकडची मुलं दिसतात. वयात आल्या की मुली भराभर खेळ सोडतात, कपड्यांचा संकोच, पाळी, घरचे, काहीही कारण असतं, ज्या चिवटपणे टिकतात त्यांना निदान लायनीवर उभं राहताना आपल्याला चान्स आहे असं वाटायला हवं. आणि दुसरीकडे एखाद्या पोरीला तू कुठल्याच टीममध्ये बसत नाहीस म्हणून ग्राउंडच्या कडेला बसवायचं हेही मला जमणार नाही.

चर्चा शक्यतो शाळेपुरती ठेवा. ऑलिंपिकची उदाहरणं द्या पण तिथलं सगळं जसंच्या तसं आठवीच्या वर्गाला लावू नका.

रिकामटेकडा

जागा पकडून ठेवतो. शंभरी नक्की.

थेट_बोल

यात एवढं अवघड काय तेच कळत नाही. मुलींचा गट वेगळा का केला? एकत्र पळवलं तर मुली फायनलला दिसणारच नाहीत म्हणून. मग ज्याचं शरीर मुलाचं आहे तो त्या गटात आला की गट ठेवण्याला अर्थ काय उरला? मनाने कुणी काहीही असो, आदर आहे, पण स्टॉपवॉचला मन कळत नाही. पॅरिस ऑलिंपिकला बघितलंच ना सगळ्यांनी, ट्रान्स बॉक्सरने समोरच्या बाईला दोन ठोसे मारले आणि ४६ सेकंदांत मॅच खलास.

लेन_आठ

थेट_बोल, ती बॉक्सर, इमान खलीफ, ट्रान्स नाहीये हो. जन्मापासून मुलगी म्हणूनच नोंद, मुलगी म्हणूनच वाढली. तिच्यावरचा वाद लिंगचाचणीचा होता, तो वेगळा. हे दोन विषय आधीच वेगळे केले नाहीत तर दहाव्या प्रतिसादात सगळा गुंता होईल. एक म्हणजे ट्रान्स मुली. दुसरं म्हणजे जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेल्या पण हार्मोन किंवा क्रोमोसोम नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्या खेळाडू, जसं कॅस्टर सेमेन्या, आपली द्युती चंद, शांती सौंदराजन. द्युतीला २०१४ मध्ये कॉमनवेल्थच्या टीममधून काढलं होतं, ती क्रीडा लवादात गेली आणि २०१५ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तो नियमच स्थगित करून आली.

मूळ मुद्द्यावर मात्र मी तुमच्याच बाजूला आहे, आणि पुस्तकातून वाचून नाही. मी स्वतः ८०० मीटर पळायचे. पुरुषांचा रेकॉर्ड रुडिशाचा १:४०.९१, बायकांचा क्रातोखविलोवाचा १:५३.२८, तोही १९८३ चा, अजून कुणाला मोडता आलेला नाही. फरक बारा टक्क्यांचा. १०० मीटरला बोल्ट ९.५८ आणि ग्रिफिथ जॉयनर १०.४९, तिथे साडेनऊ टक्के. अमेरिकेत १०.४९ च्या आत पळणारी शाळकरी पोरं दर वर्षी निघतात. म्हणजे जगातली सगळ्यात वेगवान बाई शाळेच्या मुलांच्या फायनलमध्ये हरू शकते. मेहनत, जिद्द वगैरे ठीक आहे पण बारा टक्के जिद्दीने भरून निघत नाहीत, आणि हे बोललं की लगेच मागासलेली ठरवू नका प्लीज.

थेट_बोल

बॉक्सिंगचं सोडा, मुद्दा तोच राहतो.

डॉ_सावकाश

मुद्दा तोच राहत नाही, वयाप्रमाणे बदलतो आणि धागा शाळेचा आहे म्हणून ते महत्त्वाचं. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

साधारण बारा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यापोहण्यात फरक असतो पण थोडा, काही टक्क्यांचा, आणि त्यातला शरीराचा किती आणि मुलग्यांना जास्त खेळू देतात याचा किती यावर संशोधक अजून भांडतायत. खरी फाटाफूट होते ती मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन चढायला लागतं तेव्हा. प्रौढ पुरुषात ते ढोबळमानाने ८ ते ३० नॅनोमोल प्रति लिटर, बायकांत बहुतेक २ च्या आत. मधे मोठी रिकामी जागा आहे. त्यातून उंची, खांद्यांची रुंदी, हाडांची जाडी, स्नायू, हृदयाचा आकार, रक्तातलं हिमोग्लोबिन सगळंच वाढतं.

आता पुढचा प्रश्न, वयात येऊन गेल्यावर टेस्टोस्टेरॉन दाबलं तर? हिमोग्लोबिन काही महिन्यांत बायकांच्या पातळीला येतं. स्नायूंची ताकद मात्र हळूहळू कमी होते, पहिल्या वर्षात थोडीशीच. उंची आणि हाडांचा सांगाडा तर परत फिरत नाहीच. अमेरिकन हवाई दलातल्या ट्रान्स सैनिकांच्या फिटनेस टेस्टचा अभ्यास २०२० मध्ये आला होता, त्यात दोन वर्षांच्या उपचारानंतर पुश-अप आणि सिट-अपमधला फरक गेला पण धावण्यात त्या ट्रान्स बायका बाकी बायकांपेक्षा १२ टक्के पुढेच राहिल्या. दोन्ही बाजूंचे लोक हाच अभ्यास नाचवतात, एक बाजू अर्धं वाक्य वाचते आणि दुसरी उरलेलं अर्धं. शिवाय ते प्रौढ सैनिक, तेरा-चौदा वर्षांचे खेळाडू नव्हेत.

म्हणून ट्रान्स आहे की नाही यापेक्षा कामाचा प्रश्न असा की पुरुषी वयात येणं झालंय की नाही, आणि झालं असेल तर खेळ कुठला. जलतरणाच्या जागतिक संघटनेने (आताची वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स) जून २०२२ मध्ये हीच रेघ मारली, वयात येण्याचा अगदी सुरुवातीचा टप्पा किंवा वय वर्षं बारा, त्यापुढे पुरुषी वयात येणं झालं असेल तर महिला गट नाही. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये पुरुषी वयात आलेल्या ट्रान्स बायकांना आंतरराष्ट्रीय महिला गटातून बाहेर ठेवलं.

रिकामटेकडा

अवांतर: २०२३ मध्ये बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेपण ट्रान्स बायकांना महिलांच्या स्पर्धांतून थांबवलं होतं. तिथे कुठला स्नायू आडवा आला देव जाणे, उंट उचलायला खांद्याची रुंदी लागते बहुतेक.

आणि उलटं उदाहरण, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी स्त्री-पुरुष एकत्र होती आणि सुवर्ण घेतलं चीनच्या झांग शान या बाईने. पुढच्या ऑलिंपिकला स्कीटमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. खेळ कुठला ते बघा हे डॉक्टरांचं म्हणणं पटलं.

अबोली

मी ट्रान्स स्त्री आहे. अशा धाग्यांवर लिहीत नाही, इथे भाषा बरी दिसली म्हणून लिहितेय.

शाळेत पीटीच्या तासाला पहिली ऑर्डर असायची, मुलं इकडे, मुली तिकडे. तेवढ्यावर माझा खेळ संपला. मला व्हॉलीबॉल आवडायचा, मी बरी खेळायचे, पण तो तास टाळायला कायम पोट दुखायचं. पदक, रेकॉर्ड, स्कॉलरशिप हे शब्द माझ्या गावीही नव्हते. इथे प्रत्येक जण असं गृहीत धरून चाललाय की ट्रान्स पोर ग्राउंडवर येतं ते कुणाचंतरी मेडल न्यायला. जिंकायला सोपं जावं म्हणून कुणी मुलगी होत नाही हो, त्याची जी किंमत शाळेत मोजावी लागते ती मोजून बघा एकदा.

आणि आकडे बघा. २०२२ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात ट्रान्स मुलींवर बंदीचा कायदा आला तेव्हा तिथल्या गव्हर्नरने, स्पेन्सर कॉक्सने, तो अडवताना लिहिलं होतं की राज्यात शाळेत खेळणारी मुलं ७५,००० आणि त्यात ट्रान्स चार, आणि त्या चारांतली मुलींच्या खेळात फक्त एक. गव्हर्नर रिपब्लिकन बरं का. विधिमंडळाने तरी कायदा केलाच. अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सच्या संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिनेटसमोर सांगितलं की ५,१०,००० खेळाडूंत त्यांच्या माहितीत दहापेक्षा कमी ट्रान्स. आणि ट्रान्स वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड, जिच्यावर जगभर रान उठवलं, ती टोकियो ऑलिंपिकमध्ये तिन्ही लिफ्ट फेल होऊन घरी गेली.

लेन_आठ

अबोली, तुमचं शाळेचं वाचून खरंच वाईट वाटलं आणि पोट दुखायचं ते मला दुसऱ्या कारणाने माहितीय. पण आकड्याचा मुद्दा मला कधीच पटला नाही. फायनलला आठ लेन असतात. नवव्या आलेल्या पोरीला तुम्ही सांगणार का की काळजी करू नको, राज्यात असं एकदाच घडतं? तिच्यासाठी ते शंभर टक्के घडलेलं असतं. अमेरिकेतली ट्रान्स जलतरणपटू लिया थॉमस एकटीच होती पण मार्च २०२२ मध्ये कॉलेज चॅम्पियनशिपचं ५०० यार्डाचं टायटल तिने घेतलं आणि त्या वर्षीच्या बाकीच्या सगळ्या मुलींसाठी दुसऱ्या नंबरापासून यादी सुरू झाली. अमेरिकेत कनेक्टिकटच्या शाळकरी धावपटू मुली २०२० मध्ये ट्रान्स धावपटूंना मुलींत पळू देण्याविरुद्ध कोर्टात गेल्या त्या याच कारणाने, त्यांना कुणी द्वेष शिकवला नव्हता.

अबोली

कनेक्टिकटच्या त्याच केसमधल्या एका मुलीने दावा दाखल केल्यावर काही दिवसांतच ५५ मीटरमध्ये त्यातल्याच एका ट्रान्स धावपटूला हरवलं होतं, हे कुणी सांगत नाही. पण नवव्या मुलीचं तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. मला एवढंच म्हणायचंय की नववी मुलगी सगळ्यांना दिसते, मैदानावर न आलेली कुणाला दिसत नाही.

आणि डॉक्टर, ती बारा वर्षांची रेघ. तुमच्या रेघेप्रमाणे ट्रान्स मुलीला खेळायचं असेल तर तिने वयात येणं थांबवणारी औषधं आधीच सुरू केलेली हवीत. ब्रिटनने डिसेंबर २०२४ मध्ये अठराच्या आतल्यांसाठी ती औषधं बेमुदत बंद केली, अमेरिकेत कितीतरी राज्यांत बंदी. म्हणजे एका दारावर पाटी की उपचार घेऊन ये आणि दुसऱ्या दारावर पाटी की उपचार मिळणार नाहीत. शिवाय खेळायला मिळावं म्हणून बारा वर्षांच्या पोरीने घाईघाईत औषधाचा निर्णय घ्यावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

डॉ_सावकाश

नाही वाटत. शाळेच्या नियमाने उपचाराची घाई करायला भाग पाडू नये, याला माझा पूर्ण पाठिंबा. तरीही शरीरशास्त्र जे आहे ते आहे.

उलट_सुलट

सगळे कोण खेळेल यावर भांडताय, ते तपासणार कोण यावर कुणी बोलत नाही. माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

नियम लिहिणं सोपं आहे, फक्त जन्मतः मुली. ठीक. मग एखादी मुलगी उंच आहे, केस बारीक कापलेत, छाती सपाट आहे, आवाज जाड आहे आणि ती तुमच्या मुलीला हरवते. तुम्ही तक्रार करणार. मग? यूटाचंच उदाहरण घ्या, अबोलीने अर्धंच सांगितलं. त्याच २०२२ मध्ये तिथे एका शाळकरी मुलीने रेस मोठ्या फरकाने जिंकली, दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली, आणि क्रीडा संघटनेने त्या मुलीच्या घरच्यांना न सांगता तिचं शाळेचं रेकॉर्ड पार बालवाडीपर्यंत उकरलं. निघालं काय, तर मुलगी जन्मापासून मुलगीच. ट्रान्स मुलींना अडवायला केलेला नियम पहिल्यांदा आपटला तो साध्या सरळ जिंकणाऱ्या मुलीच्या डोक्यावर.

हे नवीन नाही. १९६६ च्या युरोपियन स्पर्धेत बायकांना डॉक्टरांसमोर कपडे काढून उभं केलं होतं. १९६८ पासून ऑलिंपिकला क्रोमोसोम टेस्ट आली, त्यात किती जणी अडकल्या. स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो १९८५ मध्ये जपानच्या कोबेला स्पर्धेत टेस्टमध्ये नापास झाली, बातमी फुटली, स्कॉलरशिप गेली, रेकॉर्ड पुसले, नवरा होणारा माणूस गेला, आणि तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हतं, म्हणजे फायदा शून्य. तीन वर्षांनी परवानगी परत दिली, गेलेलं कोण परत देणार. शेवटी सिडनीच्या आधी, १९९९ मध्ये, ऑलिंपिकवाल्यांनी सरसकट टेस्टच बंद केली. आणि शांतीचं २००६ च्या दोहा एशियाडचं रौप्यपदक काढून घेतलं तेव्हा सगळ्या टीव्हीवर तिचं शरीर हाच विषय होता, ती काय ट्रान्स होती?

आता हे सगळं चौदा वर्षांच्या मुलीवर करायचं, आणि करणार कोण, पीटीच्या बाई?

थेट_बोल

१९६६ ला कशाला जाताय, आता गालाच्या आतून एक काडी फिरवली की झालं, आयुष्यात एकदाच. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने १ सप्टेंबर २०२५ पासून तेच चालू केलंय, एसआरवाय जीनची टेस्ट, म्हणजे वाय क्रोमोसोमवरचा, पुरुषी जडणघडण सुरू करणारा जीन आहे का ते बघायचं. ना कपडे काढायचे ना कुणी तक्रार करायची, सगळ्यांना सारखा नियम. मला तर हेच सगळ्यात न्यायाचं वाटतं.

डॉ_सावकाश

काडी फिरवणं सोपं, रिपोर्ट वाचणं अवघड. तो जीन १९९० मध्ये ज्यांनी शोधला त्यांच्यातल्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच २०२५ मध्ये लिहिलं की ही टेस्ट या कामाला वापरू नका, कारण जीन आहे एवढंच ती सांगते, तो काम करतो का, शरीर टेस्टोस्टेरॉन वापरतं का, हे सांगत नाही. पातिन्यो यांच्यासारखी मुलगी त्यात परत अडकणार. मोठ्या स्पर्धेत निदान पुढे स्पेशालिस्ट, अपील, समुपदेशन असतं. शाळेत एका तेरा वर्षांच्या मुलीला, जिला आणि जिच्या आईबापांना काहीच कल्पना नाही, रिलेच्या सिलेक्शनसाठी दिलेल्या काडीतून कळणार की तिचे क्रोमोसोम वेगळे आहेत आणि तिला कदाचित मूल होणार नाही. हे तिला कोण सांगणार, कुठल्या खोलीत, आणि वर्गात कधी पोचणार? माझा अनुभव असा की संध्याकाळपर्यंत पोचतं.

दोन_लेकी

इतका वेळ नुसतं वाचत होते. थोरलीच्या पोहण्याच्या बॅचमध्ये एक ट्रान्स मुलगी आहे. दोघी मैत्रिणी आहेत, डबा एकत्र खातात. तरी थोरली मला एकदा म्हणाली की आई, प्रॅक्टिसला ती असली तर मजा येते पण रेसला असली की मला आधीच माहिती असतं मी दुसरी येणार. हे ती बाहेर कुणाला बोलत नाही कारण बोललं तर ती वाईट ठरेल असं तिला वाटतं. मला या दोन्ही गोष्टींचा त्रास होतो, तिला तसं वाटण्याचा आणि ते बोलता न येण्याचा.

बाकी चेंजिंग रूमचं पण बघा काहीतरी.

शिट्टी (धागाकर्ती)

चेंजिंग रूमचा प्रश्न मी मुद्दाम न्यायाच्या प्रश्नापासून लांब ठेवलाय. त्याला उत्तर सोपं आहे, प्रत्येकीला कडी लावता येईल असं एकेकटीचं कंपार्टमेंट, सगळ्यांनाच. एकमेकींसमोर कपडे बदलायला लावतात म्हणून खेळ सोडलेल्या मुली मी बघितल्यात, त्यात ट्रान्स कुणीही नव्हतं.

तुमच्या लेकीचं वाक्य मात्र समितीत वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. चालेल ना?

दोन_लेकी

चालेल.

थेट_बोल

तिसरा गट करा, ओपन कॅटेगरी. कुणाचंच भांडण नाही.

लेन_आठ

करून झालंय. २०२३ मध्ये बर्लिनच्या वर्ल्ड कपला पोहण्यात ओपन गट ठेवला होता, एकही एन्ट्री आली नाही. आणि शाळेत ओपन गट म्हणजे एकटी मुलगी एकटीच पळणार, सगळी शाळा बघणार. मी नियमाच्या बाजूची आहे, तमाशाच्या नाही.

अबोली

लेन_आठ, या प्रतिसादासाठी धन्यवाद.

ट्रान्स मुलांबद्दल (जन्मनोंद मुलगी, जगतात मुलगा म्हणून) कुणीच बोलत नाही म्हणून एक सांगते. जन्मदाखल्याचा नियम कसा उलटतो बघा. टेक्सासमध्ये एक ट्रान्स मुलगा कुस्ती खेळायचा, टेस्टोस्टेरॉनचे उपचार चालू होते, त्याला मुलांशीच लढायचं होतं. नियम म्हणाला दाखल्यावर मुलगी आहे, मुलींशी लढ. २०१७ आणि २०१८ दोन्ही वर्षं तो मुलींच्या गटात राज्य चॅम्पियन झाला आणि प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडवली. थेट_बोल, तुमचा नियम तंतोतंत पाळला होता तिथे.

थेट_बोल

तिथे औषध चालू असताना खेळू द्यायला नको होतं, सिंपल.

उलट_सुलट

कॅलिफोर्नियात २०२५ च्या मे महिन्यात जो प्रयोग झाला तो शिट्टीच्या कामाचा आहे. शालेय राज्य स्पर्धेत एक ट्रान्स मुलगी उड्यांच्या प्रकारांत क्वालिफाय झाली. संघटनेने ऐन वेळी नियम केला की तिच्यामुळे ज्या मुलीची जागा हुकली तिला जादा जागा देऊन आत घ्यायचं, आणि नंबर देताना ती जिथे येईल तो नंबर पुढच्या मुलीबरोबर वाटायचा. उंच उडी आणि तिहेरी उडीत ती पहिली आली आणि पहिला नंबर इतर मुलींबरोबर वाटला गेला, पोडियमवर सगळ्या एकत्र उभ्या. शिव्या दोन्ही बाजूंनी पडल्या. एका बाजूला हे मेडल म्हणजे भीक वाटली, दुसऱ्या बाजूला ती मुलगी हिशेबातच धरली नाही असं वाटलं. जुलैत केंद्र सरकारने राज्यावर केस पण टाकली. पण पोडियमवरच्या पोरींचे फोटो बघितले तर त्या मोठ्यांपेक्षा निवांत दिसत होत्या.

लेन_आठ

लांब उडी, उंच उडीत जमेल, तिथे एकेकीचा टर्न असतो. आठशेला रेस शेजारणीवर ठरते, कोण पुढे जातंय, कुणाच्या मागे राहायचं, पेस कुणी खेचला. तिथे नंतर नंबर वाटून रेस परत मिळत नाही. आणि टॅकलचे खेळ तर वेगळेच, वर्ल्ड रग्बीने २०२० मध्ये जो निर्णय घेतला तो मेडलसाठी नव्हता, मानेला दुखापत होईल म्हणून होता.

पण शाळेच्या पातळीवर, टायमिंगवर निकाल लावायच्या रेसमध्ये जादा जागा द्यायला माझी हरकत नाही. निदान नवव्या पोरीचा विचार तरी कुणी केला.

शिट्टी (धागाकर्ती)

बरंच हाताला लागलं. कच्चा मसुदा टाकतेय, फाडा.

बारा वर्षांच्या आतल्या सगळ्या स्पर्धा मिश्र, गट पाडायचे तर उंची किंवा मागच्या टायमिंगवर. हे मी ट्रान्सचा विषय नसता तरी केलं असतं, त्या वयात आमच्या निम्म्या मुली मुलग्यांना मागे टाकतात आणि त्यांना ते कळायलाच हवं.

शाळेच्या आतले खेळ, पीटीचा तास, क्लब, प्रॅक्टिस, यात मुलगी म्हणेल तो गट. कागद मागायचा नाही, कुणी विचारायचं नाही.

शाळेच्या बाहेर, वयात आल्यानंतरच्या, निवड होते अशा स्पर्धांमध्ये ताकद आणि वेगाच्या खेळात मुलींच्या गटाचं संरक्षण ठेवायचं, म्हणजे पुरुषी वयात येणं झालं असेल तर त्या गटातली निवड नाही. यावर मला सगळ्यात कमी झोप लागणार आहे. पण मी याच बाजूला आलेय, लेकीचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. जिथे जादा जागा देऊन भागतंय तिथे जादा जागा. नेमबाजी, बुद्धिबळ असल्या खेळांना हा नियम नाही. ट्रान्स मुलांना मुलांच्या गटात कायम मोकळीक, उपचार चालू असतील तर मुलींच्या गटात नाही.

आणि तपासणी. कुणाच्याही तक्रारीवरून कुठल्याही मुलीची शारीरिक तपासणी किंवा टेस्ट होणार नाही. जुन्या नियमावलीत "तक्रार आल्यास योग्य ती तपासणी" असं एक वाक्य होतं, ते मी पेनाने खोडलं. जे काही कळायचं ते कुटुंब आणि त्यांचे डॉक्टर एका व्यक्तीला सांगतील, समितीला नाही, कोचला नाही, मलासुद्धा नाही.

अबोली

तिसऱ्या कलमाशी मी सहमत नाही आणि होणारही नाही. त्यात बसणारी पोरगी पंधरा वर्षांची असेल आणि तिला उपचार मिळाले नाहीत हा तिचा गुन्हा नसेल. दुसरं आणि शेवटचं कलम मात्र मी शाळेत असताना असतं तर मी व्हॉलीबॉल खेळले असते.

एक सुचवते. निवडीला नाही म्हणायचं असेल तर ते तिला सीझनच्या सुरुवातीला, एकटीला, तुम्ही स्वतः सांगा. बोर्डावरच्या यादीत नाव नाही यातून कळू देऊ नका. आणि टीमबरोबर प्रवास, जर्सी, प्रॅक्टिस मॅच यातून काढू नका.

शिट्टी (धागाकर्ती)

हे घेतलं, जसंच्या तसं.

उलट_सुलट

कुटुंब खोटं बोललं तर? विचारणारे विचारतील म्हणून आत्ताच उत्तर तयार ठेवा.

डॉ_सावकाश

शाळेच्या खेळात खोटी वयं लावून दोन-दोन वर्षं मोठी पोरं उतरवतात, त्या खोटेपणाने जितक्या मुलींच्या जागा गेल्या असतील त्याचा हिशेब आधी मागा म्हणावं. चौदाच्या आतल्या गटात सोळाची मुलगी, हा फरक मी क्लिनिकमध्ये वारंवार बघतो. त्याला कुणी धागे काढत नाही.

थेट_बोल

मी दुसऱ्या कलमाच्या पण विरोधात आहे, प्रॅक्टिसला चालतं तर मॅचला का नाही असं उद्या कोर्टात विचारतील. अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंच ना प्रकरण, आयडाहो आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ट्रान्स मुलींवरच्या बंदीचं. तक्रारीवर तपासणी नको हे मात्र ठीक आहे. माझी धाकटी थ्रोवाली आहे, खांदे माझ्यासारखे. तिच्याबद्दल आत्ताच बायका कुजबुजतात.

लेन_आठ

शिट्टी, मिश्र रिले राहिला. दोन मुलं दोन मुली असतो, तुमच्या मसुद्यात तो कुठल्याच कलमात येत नाही. आणि क्रॉस कंट्रीत टीमचे पॉइंट मोजतात, तिथे जादा जागा दिली तर पॉइंट कसे धरणार तेही लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच मीटला मॅनेजर लोक टेबलावर येऊन भांडतील.

शिट्टी (धागाकर्ती)

रिले खरंच राहिला. क्रॉस कंट्रीला जादा एन्ट्रीचे पॉइंट टीममध्ये धरायचे नाहीत, फक्त वैयक्तिक नंबर, असं लिहू का? शुक्रवारी मीटिंग आहे, त्याच्या आत कुणाला अजून काही दिसलं तर टाका इथेच.